बल, कार्य, ऊर्जा, शक्ती : घरचे शब्द आणि पुस्तकातील शब्द

प्राथमिक शाळेतील विज्ञानाचा पाठ पुष्कळदा शब्दांचा पाठ होऊन बसतो. फळ्यावर व्याख्या लिहिली जाते, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी बिनचूक म्हणून दाखवितात. ‘बल म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर वर्गातून एका सुरात येते. परंतु विहिरीतून कळशी ओढताना बल कोणते व ते कोणत्या दिशेला, असे विचारताच वर्ग गप्प होतो. हे मौन अज्ञानाचे नव्हे. त्या वर्गातील निम्म्या मुलांनी सातव्या-आठव्या वर्षापासून कळशी ओढलेली असते. कळशी पाण्यात आहे तोवर हलकी लागते व पाण्याबाहेर येताच हाताला हिसका बसतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक असते. हाताला ठाऊक असलेली गोष्ट आणि वहीत लिहिलेला शब्द या दोहोंची गाठ मात्र कोणी घालून दिलेली नसते.

बालभारतीच्या २०१६ च्या सहावीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात गती, बल, कार्य व ऊर्जा आणि साधी यंत्रे हे पाठ एकापाठोपाठ येतात. हे पाठ शिकविताना प्रयोगसाहित्याची उणीव ही मुख्य अडचण मानली जाते. ती अडचण खरी आहे. पण तिच्याहून मोठी अडचण शब्दांची आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला हे शब्द परके नाहीत, आणि घोटाळा नेमका त्यामुळेच होतो. अगदी अनोळखी शब्द आला तर मूल सावध होते. ‘काम’, ‘शक्ती’, ‘वजन’ हे शब्द तर ते दिवसभर ऐकत असते. पुस्तकाने त्यांपैकी काही शब्द उचलले, त्यांचा अर्थ आवळून नेमका केला, आणि ही गोष्ट मुलाच्या कानी घातलीच नाही.

घरी बोलताना ‘त्याच्यात लय जोर आहे’, ‘अंगात शक्ती नाही’, ‘नेट लावून ढकल’, ‘ताकद कमी पडली’ ही वाक्ये एकाच अर्थाने येतात. पुस्तकात मात्र बल, ऊर्जा व शक्ती या तीन निरनिराळ्या राशी आहेत. त्या तीन निरनिराळ्या एककांत मोजतात. ‘काम’ या शब्दाचे संस्कृत भावंड ‘कार्य’ घेऊन त्याला चौथा अर्थ दिला आहे. हे चार शब्द एकमेकांपासून सुटे झाले म्हणजे या पाठांतील निम्मे काम झाले असे समजावे.

‘शक्ती’ या शब्दाची पूर्वपीठिका

मुलाने ‘गुरुत्वाकर्षण शक्ती’ असे लिहिले म्हणजे लाल शाईची रेघ मारली जाते. रेघ मारण्यापूर्वी शिक्षकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा शब्दप्रयोग मुलाने पदरचा काढलेला नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या ओढीस ‘आकृष्टिशक्ती’ असेच म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्य शास्त्रे मराठीत येऊ लागली, तेव्हा या विषयाला ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्र’ असे लांबलचक नाव होते. पुढे ते ‘पदार्थविज्ञान’ झाले आणि आज ‘भौतिकशास्त्र’ असेही म्हणतात. त्या काळच्या मराठीत ‘शक्ती’ या एकाच शब्दावर पुष्कळ अर्थांचा भार होता. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर त्याच पिढीतले. पोंभुर्ले हे गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ पासून ते सिंधुदुर्गात आहे. १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत गणित व ज्योतिष शिकवीत आणि मराठीत शालेय पुस्तके लिहीत. शास्त्र मराठीत सांगावयाचे तर शब्द घडवावे लागतात, ही जाणीव त्या पिढीपासूनची. महाराष्ट्र राज्याचे भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले व त्याने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश तयार केले. शास्त्रीय शब्दांना आज जी स्थिरता दिसते ती अशी टप्प्याटप्प्याने आलेली आहे.

तरीही जुना अर्थ मेलेला नाही. वर्तमानपत्रे ‘अणुशक्ती’ लिहितात. तेथे अर्थ ऊर्जा असा असतो. ‘गुरुत्वाकर्षण शक्ती’ म्हणताना अर्थ बल असा असतो. पंपाची ‘अश्वशक्ती’ सांगतात तेव्हाच काय तो पुस्तकातील अर्थ नेमका सापडतो. अशा स्थितीत मूल गोंधळले तर नवल नाही. ‘चूक!’ असे म्हणून त्याला खाली बसविले की पुढच्या वेळी ते हात वर करीत नाही, आणि ज्या मुलाच्या घरी पुस्तकी मराठी बोलली जात नाही ते तर सर्वांत आधी गप्प होते. त्यापेक्षा असे सांगावे : ‘तुझा शब्द जुना आहे, आजोबांच्या पुस्तकातला आहे. आता आपण त्याच ओढीला बल म्हणतो; शक्ती हा शब्द दुसऱ्या कामासाठी राखून ठेवला आहे.’ हे सांगण्यास अर्धा मिनिट पुरतो.

रेटा आणि ओढ

बलाची ओळख व्याख्येने करून देऊ नये. मराठीत दोन उत्तम शब्द तयार आहेत : रेटा आणि ओढ. बल म्हणजे रेटा अथवा ओढ, एवढे पहिल्या दिवसाला पुरे. मुलांना अंगणात न्यावे. दार ढकलावे, दोरी ओढावी, चेंडू अडवावा, ओली माती दाबावी. प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत : रेटा की ओढ? कोणी कोणाला दिली? त्यामुळे काय बदलले? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून बलाचे परिणाम आपोआप फळ्यावर जमतात : थांबलेली वस्तू हलली, हलणारी थांबली, दिशा बदलली, वेग कमी-जास्त झाला, आकार बदलला. पुस्तकातील व्याख्या यानंतर वाचावी. मुलांना ती ओळखीची वाटेल.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बल ही वस्तूच्या पोटात साठवून ठेवलेली चीज नव्हे. एक वस्तू दुसरीवर लावते ते बल. ‘बैलात बल आहे’ हे बोलण्यात ठीक. विज्ञानाच्या तासाला मात्र ‘बैल नांगराला ओढतो, नांगरावर बल लावतो’ असे वाक्य पुरे करून घ्यावे. वाक्य पुरे करून घेण्याची ही सवय शब्द पाठ करण्यापेक्षा शतपट मोलाची होय.

बल मोजताही येते, हे दाखविल्यावाचून पुढे जाऊ नये. ताणकाटा शाळेत नसला तरी चालेल. एक लांबट रबर, एक पुठ्ठा, थोडी सुतळी आणि नारळाची करवंटी घ्यावी. नारळाचे डोळे नसलेल्या बाजूची अर्धी करवंटी पाहून घ्यावी. दुसरी गळण्याचा संभव असतो. रबर पुठ्ठ्याच्या वरच्या टोकाला अडकवून त्याला करवंटी टांगावी व रबराचे खालचे टोक जेथे येते तेथे शून्याची खूण करावी. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या मापाच्या झाकणाने करवंटीत पाणी ओतीत जावे. एक मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान एक ग्रॅम असते; म्हणून पन्नास मिलिलिटरला एक खूण, शंभरला दुसरी, दीडशेला तिसरी. शंभर ग्रॅम पाण्याला पृथ्वी जेवढी ओढ लावते ती स्थूलमानाने एक न्यूटन. काटेकोर हिशेबाने ०.९८ न्यूटन. शंभराच्या खुणेपुढे ‘१ न्यूटन’ असे लिहावे. रबर सारख्या प्रमाणात ताणत नाही. म्हणून पट्टीने समान भाग न पाडता प्रत्येक खूण पाणी ओतूनच करावी. नंतर पाणी काढून करवंटीत अडीचशे ग्रॅमचा हापूस ठेवला तर अडीच न्यूटनांच्या आसपास काटा येतो. न्यूटन हा शब्द परदेशी शास्त्रज्ञाच्या नावाचा. पण तो एकदा आंब्यात मोजला म्हणजे परका राहत नाही.

हाच काटा आडवा धरून जांभ्याचा लहानसा तुकडा फरशीवर, मग वाळूवर, मग चार गोल पेन्सिली खाली घालून ओढावा आणि तिन्ही वेळची खूण वहीत लिहावी. घर्षण बल हा शब्द येथे द्यावा. किनाऱ्यावरच्या शाळेत होडी वर ओढताना तिच्याखाली ओंडके का घालतात हे मुलेच सांगतील. घर्षण म्हणजे निव्वळ तोटा, असा समज मात्र होऊ देऊ नये. श्रावणात शेवाळलेल्या अंगणात पाय का घसरतो, आणि तेथे काय कमी पडले, हे विचारले की पुरे.

हंडा आणि ‘कार्य’

आता या पाठांतील सर्वांत नाजूक जागा. पुस्तक सांगते की बल लावल्याने वस्तूचे बलाच्या दिशेने विस्थापन झाले तरच कार्य झाले. बल गुणिले विस्थापन म्हणजे कार्य. उदाहरणही बहुधा हेच दिले जाते : डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा माणूस त्या ओझ्यावर, गुरुत्वाविरुद्ध, कार्य करीत नाही.

हे वाक्य रत्नागिरी जिल्ह्यातील वाडीवरच्या शाळेत वाचले जाते तेव्हा ते कोणाच्या कानांवर पडते याचा विचार करावा. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जांभ्यातून झिरपून व उतारावरून वाहून जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांवर पाणी डोक्यावरून आणावे लागते. ते आणतात बायका आणि मुली. ज्या मुलीने सकाळी दोन खेपा घालून शाळा गाठली, तिला गुरुजी सांगतात की ओझे घेऊन चालण्यात कार्य शून्य! ती मुलगी ‘म्हणजे आई काम करीत नाही का?’ असे कदाचित विचारणार नाही. पण मनात म्हणेल. मग दोहोंपैकी एक होते : विज्ञान खोटे वाटते, किंवा आईचे श्रम. दोन्ही अनर्थच.

हे टाळण्यास उदाहरण गाळण्याची गरज नाही. उलट ते पुरे सांगावे. ‘काम’ आणि ‘कार्य’ हे दोन शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत. काम हा घरचा शब्द. त्यात श्रम, वेळ, कौशल्य, दमणूक सारे येते. कार्य हा मोजमापाचा शब्द. तो हंड्यावर काय घडले एवढेच मोजतो, हंडा वाहणारी किती दमली हे मोजीत नाही. सपाटीवर चालताना हंड्याला वर धरणारे बल सरळ वर असते, हंडा जातो आडवा. म्हणून त्या बलाने हंड्यावर केलेले कार्य शून्य. परंतु ओझे तोलून धरणारे स्नायू सतत आकसत असतात, त्यांत शरीराची ऊर्जा खर्च होते आणि ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. कपाळावरचा घाम हा त्याचा पुरावा. भौतिकशास्त्राला तो खर्च ठाऊक आहे. ‘कार्य’ या एका शब्दात तो मोजला जात नाही, एवढेच.

मग त्याच हंड्याचा हिशेब चढणीवर मांडावा. झऱ्यापासून वाडीपर्यंतची पाखाडी उभ्या उंचीने वीस मीटर चढते असे धरू. हंड्यात पंधरा लिटर पाणी. शंभर ग्रॅमला एक न्यूटन या स्थूल मानाने पंधरा किलोग्रॅमला दीडशे न्यूटन. दीडशे न्यूटन गुणिले वीस मीटर, म्हणजे तीन हजार ज्यूल. हे झाले फक्त पाण्यावरचे कार्य. वाहणारीचे वस्तुमान पन्नास किलोग्रॅम असेल तर स्वतःचे शरीर वर नेण्यास आणखी दहा हजार ज्यूल लागले. गावची खरी उंची व खरे माप घेऊन हा हिशेब मुलांकडूनच करवावा. पाखाडीच्या पायऱ्या मोजून एका पायरीची उंची फूटपट्टीने घेतली की उभी उंची निघते. तिरपी लांबी मोजण्याची चूक येथे हमखास होते, तिकडे लक्ष असावे. दिवसाच्या खेपा किती, महिन्याच्या किती, हे मुले न सांगता मांडू लागतात. या हिशेबाची वही घरी गेली तर बिघडत नाही.

एक ज्यूल म्हणजे केवढा, हे हाताने कळावयास हवे. शंभर ग्रॅमचे माप जमिनीवरून एक मीटर उंच उचलले की सुमारे एक ज्यूल कार्य झाले. फूटपट्टीने मीटर मोजून भिंतीवर रेघ ओढावी व प्रत्येक मुलाकडून एकदा ‘एक ज्यूल’ करवून घ्यावा. मुलांना याची मोठी मौज वाटते.

शक्ती : तेच कार्य, किती वेळात

हंड्याचा हिशेब हाताशी असताना ‘शक्ती’ शिकविणे सोपे जाते. तीन हजार ज्यूल पाण्यावर खर्ची पडण्यास पाखाडीने पाच मिनिटे लागली, तर दर सेकंदाला दहा ज्यूल, म्हणजे दहा वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा एक अश्वशक्तीचा पंप, काहीही वाया गेले नाही असे धरल्यास, तेवढे पाणी तेवढ्याच उंचीवर सुमारे चार सेकंदांत चढवील. पाण्यावरचे कार्य दोन्हीकडे तेच, वेळ निराळी. कार्य करण्याची त्वरा म्हणजे शक्ती. ही व्याख्या या क्षणी द्यावी, आधी नको.

विजेच्या बिलावरील ‘युनिट’ हे शक्तीचे माप आहे अशी समजूत मोठ्यांतही आढळते. ते ऊर्जेचे माप आहे : एक हजार वॅट शक्तीचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. आपल्या हंड्याच्या मापाने बाराशे हंडे. पंपात व नळांत काही ऊर्जा वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात संख्या बरीच उतरेल. तरी एका युनिटात किती खेपा वाचतात हा प्रश्न वरच्या वर्गाला घालण्याजोगा आहे.

ऊर्जा आणि कोयनेचे पाणी

ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही, तिचे परिणाम दिसतात. पसरट भांड्यात ओली वाळू सपाट करावी. तीत एक गोटी पाव मीटर उंचीवरून सोडावी, मग अर्ध्या मीटरवरून, मग एक मीटरवरून. खड्डे शेजारी-शेजारी पडू द्यावेत. उंची वाढली की खड्डा मोठा होतो. तो बरोबर दुप्पट होत नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. उंचावर धरलेल्या गोटीत काहीतरी साठलेले होते, ते खाली येताना गतीच्या रूपात आले आणि वाळू बाजूला सारण्याच्या कामी आले. साठलेली ती स्थितिज ऊर्जा, गतीची ती गतिज ऊर्जा. गोटी थांबल्यावर ऊर्जा कोठे गेली? ‘संपली’ असे उत्तर येईल. तेव्हा सागरगोटा काढावा. सागरगोटा दगडावर घासून मित्राच्या हाताला चटका देण्याचा खेळ कोकणातील मुलांना शिकवावा लागत नाही. घासताना हातांनी दिलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात आली. गोटीच्या व वाळूच्या बाबतीतही तेच झाले. ती उष्णता इतकी थोडी की हाताला कळली नाही.

येथून पोफळीला जाणे अवघड नाही. कोयना नदी सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेच्या अंगाने वाहते, कराडजवळ कृष्णेला मिळते व तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. सातारा जिल्ह्यात कोयनानगरला धरण बांधून ती अडविली आणि शिवसागर जलाशयातील पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे वळविले. चिपळूण तालुक्यात पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते पाणी चारशे मीटरहून अधिक उंचीवरून कोसळून चक्रे फिरविते. तेथे वीजनिर्मिती १९६२ साली सुरू झाली. रत्नागिरी जिल्हा परिषद स्थापन झाली तेच हे वर्ष. काम संपलेले पाणी वाशिष्ठीत येते आणि चिपळुणावरून दाभोळच्या खाडीला जाते. पूर्वसमुद्राला जाणारे पाणी पश्चिमसमुद्राला मिळते ते केवळ उंचीच्या फरकापोटी. घाटमाथा आणि कोकणपट्टी यांच्यातील हा कडा म्हणजेच या जिल्ह्याच्या वाट्याला आलेली स्थितिज ऊर्जा.

हिशेब पुन्हा आपल्या मापाचा करावा. एक लिटर पाणी, दहा न्यूटन ओढ, चारशे मीटर उतार : चार हजार ज्यूल. म्हणजे कोयनेचे एक लिटर पाणी खाली येताना जेवढी ऊर्जा देते, तेवढीत पंधरा लिटरचा हंडा पाखाडीवर चढून वर काही उरावे. (यंत्रांतील व तारांतील घट धरली तर हिशेब जेमतेम तोंडमिळवणीचा होईल.) आकडा साधा आहे, पण ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते हे पुस्तकातील वाक्य जलाशयातील पाण्यापासून घरच्या हंड्यापर्यंत आणून सोडण्यास तो पुरतो. शक्य असलेल्या शाळांनी परवानगी घेऊन सहल काढावी. न झाल्यास नकाशा पुरे.

वजन आणि वस्तुमान

या दोन शब्दांवर फार वेळ खर्च करण्याचे कारण नाही. एक खूण पक्की करावी. दुकानातील तराजू दोन पारड्यांतील वस्तुमानांची तुलना करतो. आपला रबराचा काटा पृथ्वीची ओढ, म्हणजे वजन, दाखवितो. बाजारात ‘दोन किलो वजन’ म्हणतात, ते बाजारापुरते चालू द्यावे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले ते मुलांना ठाऊक असते. तेथे ओढ पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश. तराजू तेथेही दोन किलोच दाखवील, रबर मात्र फारच थोडे ताणेल.

जड वस्तू लवकर पडते, हा समज मोडण्यास वही आणि कागद पुरतात. वहीपेक्षा लहान कागद वहीच्या शेजारी धरून दोन्ही सोडावेत. कागद मागे राहतो. मग तोच कागद वहीच्या वर ठेवून वही सोडावी. दोन्ही बरोबर पोचतात. हवेने पहिल्या वेळी केलेला अडथळा मुलांकडून काढून घ्यावा. १९७१ साली अपोलो-१५ च्या मोहिमेत अंतराळवीराने चंद्रावर, जेथे हवा नाही तेथे, हातोडी आणि पीस एकदम सोडले व दोन्ही एकाच वेळी खाली आली, ही हकीकत या जागी सांगावी.

चुंबळ, आणि बुडालेली कळशी

दाब या शब्दाचा धडा मुलांच्या घरी खुंटीला टांगलेला असतो. हंड्याखाली चुंबळ का ठेवतात? चुंबळीने हंड्याचे वजन तिळभर कमी होत नाही. तेच बल डोक्याच्या अधिक क्षेत्रावर पसरते, म्हणून दाब कमी होतो. कोयत्याला धार लावतात ते याच्या उलट कारणासाठी. बल आणि दाब यांतील भेद याहून सोप्या रीतीने सांगता येईल असे वाटत नाही.

आरंभी उल्लेखिलेली कळशीही आता रबराच्या काट्यावर घ्यावी. दोऱ्याने बांधलेला लहान दगड काट्याला टांगून खूण पाहावी. मग तो पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून पाहावी. काटा वर सरकतो. पृथ्वीची ओढ तीच आहे. पाण्याने खालून वर रेटा दिला. त्याचे नाव प्लावक बल. बादलीत मूठ-दोन मुठी मीठ विरघळवून पुन्हा पाहिले तर काटा किंचित आणखी वर जातो. फरक अगदी सूक्ष्म असतो, तो न दिसल्यास अंड्याचा प्रयोग करावा : गोड्या पाण्यात बुडणारे ताजे अंडे पुरेशा मिठाच्या पाण्यात तरंगते.

पडताळा व साहित्य

घटक संपल्यावर व्याख्या विचारण्याऐवजी प्रसंग द्यावा आणि उत्तर दोनदा घ्यावे : आधी घरच्या बोलीत, मग पुस्तकाच्या शब्दांत. पहारीने चिरा उचलणारा गडी, आडकित्त्याने सुपारी फोडणारी आजी, घाटात एस. टी. वळताना एका बाजूला झुकणारे प्रवासी, असे प्रसंग पुष्कळ आहेत. बोलीतील उत्तर बरोबर आणि पुस्तकी शब्द चुकीचा असेल तर अर्धे गुण द्यावेत; पुस्तकी शब्द बरोबर पण प्रसंग चुकीचा असेल तर मुळीच देऊ नयेत. बोलीतील उत्तराला हसण्याची मुभा वर्गात कोणालाही नसावी. संगमेश्वरी बोलीत सांगितलेला रेटा हा रेटाच असतो.

दोन शिक्षकी शाळेत हे प्रयोग पाचवी ते सातवी एकत्र बसवून करता येतात : पाचवीने खूण वाचावी, सहावीने नोंद करावी, सातवीने हिशेब मांडावा. सारे साहित्य एका डब्यात मावते. रबर जुने होताच सैल पडते आणि खुणा खोट्या ठरतात. म्हणून प्रत्येक सत्राच्या आरंभी नवे रबर घालून पाण्याने पुन्हा खुणा कराव्यात व जुना पुठ्ठा टाकून न देता भिंतीवर लावावा. दोन्ही पुठ्ठ्यांवरच्या खुणा का जुळत नाहीत, हे मुलांनी विचारलेच तर तो पुढचा पाठ.